पलीकडचा कोड

"डॉक्टर, आमची मनी सकाळपासून उलट्या करतेय हो!"

घरात नवाकोरा फोन आला होता, आणि त्यावरचा हा पहिलाच कॉल! ती घरी बसून प्रुफं तपासायची. छापखान्याशी बोलता यावं म्हणून मावशीच्या मागे लागून तिनं फोन घेतला होता.

"अहो, मी डॉक्टर नाही."

"मग डॉक्टरांना द्या ना!"

संध्याकाळपर्यंत एक लंगडणारा कुत्रा आणि एक अबोल पोपटही फोनवर येऊन गेले. मावशी हसून हसून बेजार झाली.

झालं होतं असं, की शहर अफाट वाढलं आणि फोनचे नंबर पुरेनात. म्हणून नदीपलीकडच्या भागाला नवा कोड दिला गेला. तिकडच्यांचे नंबर तेच राहिले, फक्त आधी नवा कोड लावायचा. नदीच्या अलीकडे मात्र तेच आकडे नव्या लोकांना मिळाले. तिच्या वाट्याला आला पलीकडच्या एका जनावरांच्या डॉक्टरचा नंबर. इकडचं कुणी सवयीनं कोड न लावता त्याला फोन करायचं, आणि घंटी तिच्या घरात वाजायची.

तिनं तणतणत टेलिफोनच्या ऑफिसात तक्रार नोंदवली. मग कोड लावून डॉक्टरलाच गाठलं.

"तुमचे पेशंट माझ्या घरी येताहेत."

"कोण कोण आलंय?" आवाज तरुण होता... आणि दमलेला.

"मांजर, कुत्रा, पोपट. पोपट बोलत नाहीये."

"नशीबवान आहात. माझ्याकडचा थांबतच नाहीये."

मागून खरंच कुणीतरी कर्कश ओरडलं. ती भांडायला बसली होती, पण फिस्सकन हसली.

तिथून सुरुवात झाली. फोन करणाऱ्याला ती नवा कोड सांगायची, घाबरलेल्याला धीर द्यायची, आणि दिवस कलला की त्याला फोन लावायची.

"बोला शेजारीणबाई, आज कोण?"

"शेजारीण कशी? मध्ये अख्खी नदी आहे."

"नंबरानं शेजारीच की!"

पेशंट संपले तरी बोलणं संपेना. तो उभ्या उभ्या जेवतो, हे तिला कळलं. ती त्याला छपाईतल्या गमती सांगायची.

"आज 'तो तिच्या मनात बसला'च्या जागी 'मानेत बसला' छापलंय."

"मानेत बसला असेल तर माझ्याकडे इंजेक्शन आहे."

"आणि... मनात बसला असेल तर?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"त्यावर—" तो थांबला. "त्यावर नाही हो काही."

त्या रात्री तिला झोप लागली नाही.

पण हळूहळू लोकांच्या अंगवळणी नवा कोड पडत गेला. घंटी वाजेनाशी झाली. ज्याला त्याला कोड पाठ करायला लावून ती आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होती! फोन बिघडला तर नाही ना, म्हणून ती मधूनच रिसीव्हर उचलून कानाला लावायची. आतली एकसुरी गुणगुण ऐकून परत ठेवायची. एकदा तर न राहवून तिनं पेशंटच रचला.

"एक कासव आहे... हलत नाहीये."

"कासव हलत नाही, हे कळायला किती दिवस लागले त्यांना?"

तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. ते त्याला दिसणार नव्हते, हे एक बरं होतं.

आणि मग टेलिफोनच्या ऑफिसातून निरोप आला. तक्रारीची दखल घेतली आहे, सोमवारी तुमचा नंबर बदलू.

"सुटलीस बाई एकदाची!" मावशी म्हणाली.

तिनं त्याला सांगितलं.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "फार त्रास झाला तुम्हाला माझ्यामुळे."

'नाही' म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "हो... झाला खरा."

दुसऱ्या दिवशी प्रुफाची एकच ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत बसली. मग उठली, केस बांधले, चपला घातल्या. मावशीनं "कुठे गं?" विचारलं, तर म्हणाली, "पलीकडे."

दवाखान्यात प्रत्येकाच्या मांडीवर काहीतरी केसाळ होतं. रिकाम्या हातांची ती एकटीच. आत एक दांडगा कुत्रा टेबलावर धुमाकूळ घालत होता आणि त्याची मालकीण भिंतीला चिकटून उभी होती.

"कुणीतरी धरा हो याला!" आतून आवाज आला. तोच.

ती आत शिरली. "डोकं धरू की पाय?"

बाह्या दुमडलेला, शर्टभर केस चिकटलेला तो सुई हातात धरून जागच्या जागी थबकला.

"शेजारीणबाई?"

"डोकं की पाय?"

"डोकं..." त्यानं इंजेक्शन दिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. "पेशंट कुठाय तुमचा?"

"पेशंट नाही. मी नुसतीच आलेय." "सोमवारनंतर तुम्हाला फोन करायला माझ्याकडे काही कारण उरणार नाही, म्हणून."

तो कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. फिरता फिरता तो हात तिच्या बोटांपाशी आला, आणि थांबला.

"मग कारण नसताना करा," तो हळूच म्हणाला. "मी तर रोज वाट बघतो... कुणाचं तरी मांजर आजारी पडावं म्हणून. डॉक्टरनं असं म्हणू नये, पण बघतो."

"आणि मी नाही केला फोन, तर?"

"तर मी करीन. नवा नंबर द्याल ना?"

तिनं मान हलवली. बोटं मात्र जराही हलवली नाहीत.

"अहो, झालं असेल तर सोडा की त्याला!" भिंतीजवळून मालकीण ओरडली.

कुत्रा केव्हाच अगदी शांत झाला होता.