मायाक्का हुलगेची रेषा

पडताळणीची वेळ संपली तेव्हा वर्गातल्या एकोणीस पाट्यांपैकी अठरा हिरव्या झाल्या आणि एक लाल.

लाल पाटी मायाक्का हुलगेची होती. चौथीच्या रांगेत ती शेवटच्या बाकावर बसली होती. तिनं पाटी उलटी करून पाहिली, फ्रॉकला पुसली, पुन्हा सुलटी केली. रंग काही बदलला नाही. मग ती हात मांडीवर ठेवून बसली.

मुख्याध्यापिका मुक्ता घार्गे बाई तिच्यापाशी गेल्या. नापास मुलाची पाटीसुद्धा हिरवीच होते, हे त्यांना ठाऊक होतं. हिरवा म्हणजे फक्त पेपर पोचला. लाल रंग त्यांनी आजवर पाहिलाच नव्हता. त्यांनी वाकून वाचलं.

‘ही व्यक्ती मायाक्का हुलगे नाही. उत्तरपत्रिका स्वीकारलेली नाही. मुख्याध्यापकांनी खुलासा करावा.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. सोळा वर्षांच्या नोकरीत त्यांनी अनेक खुलासे केले होते. तांदूळ कमी का, शौचालयाला कडी का नाही, सगळ्याचे. पण जी मुलगी आईच्या कडेवरून अंगणवाडीत येताना त्यांनी पाहिली होती, ती मुलगी तीच आहे याचा खुलासा काय करायचा, हे त्यांना सुचेना.

दुसरे शिक्षक मुलाणी सर पाटी हातात घेऊन म्हणाले, “माझ्या आधार कार्डावरचा माणूस तरी कुठं मी आहे, बाई? म्हणून काय पगार थांबला का? यंत्रच आहे. उद्या आपसूक हिरवं होईल.”

मुलं हसली. मायाक्काही हसली, पण जरा उशिरानं.

पाट्या शाळेत येऊन सहा वर्षं झाली होती. दिसायला त्या जुन्या दगडी पाटीएवढ्याच, फक्त पातळ. त्यांच्यासोबत एक लेखणी असायची, आणि खरी करामत त्या लेखणीत होती. मूल काय लिहितं एवढंच ती पाहत नसे. बोटांचा दाब किती, अक्षर वळवताना हात कुठं अडखळला, कोणत्या बेरजेपाशी मूल थांबलं, काय खोडलं, हे सगळं ती टिपून घेई. त्यातून प्रत्येक मुलाची एक अध्ययनरेषा तयार होई. दवाखान्यात हृदयाची चाल कागदाच्या पट्टीवर उमटते, तशी ही शिकण्याची चाल. बाई विज्ञानाच्या पदवीधर. पहिल्या वर्षी ती रेषा पाहून त्यांना खरोखर आनंद झाला होता. मुलाला घाबरवणारी, घोकायला लावणारी परीक्षा आता जाईल असं त्यांना वाटलं होतं.

परीक्षा गेली नाही. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, पडताळणी होई आणि तिच्यावरून शाळेची श्रेणी ठरे. श्रेणी फाटकावर पत्र्याच्या फलकावर लावावी लागे. कारंडमळ्याची ही वस्तीशाळा सलग तीन वर्षं ‘अ’ होती. केंद्रातल्या चौदा शाळांत असा फलक एकटीचा. पटावर पंचवीसपेक्षा कमी मुलं आणि श्रेणी ‘क’ झाली, की ती शाळा अकरा किलोमीटरवरच्या समूहशाळेत विलीन होई. कारंडमळ्याच्या पटावर बावीस नावं होती. फलकावरच्या त्या एका अक्षरानं शाळा तरली होती.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख शेटे आले. जाडसर, हसतमुख माणूस. चहा झाल्यावर त्यांनी केंद्राच्या नोंदी दाखवणारा आपला पडदा टेबलावर उभा केला. मायाक्काला तिच्या आईसह बोलावलं होतं. आईचं नाव द्वारका. तिला सातवा महिना होता. त्यामुळेच यंदा फाल्गुनातच ती लेकीला घेऊन कोकणातून परत आली होती. नवरा आणि दीर मेंढरं घेऊन अजून तिकडंच होते. एरवी दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घाट उतरे आणि ज्येष्ठात परते. मायाक्का पहिलीत गेल्यापासून दरवर्षी असंच चाललं होतं. म्हणजे मार्चमधली पडताळणी तिनं आजवर एकदाही दिलेली नव्हती.

शेट्यांनी नेमकं हेच विचारलं. आधीच्या तीन वर्षांत ही मुलगी पडताळणीला हजर होती का?

 बाईंनी खरं ते सांगितलं. मुलगी नव्हती. पण तिचं नाव त्यांनी पटावरून काढलं नव्हतं, आणि ‘स्थलांतरित’ अशी नोंदही केली नव्हती. तशी नोंद केली की सहा महिने पट एकानं कमी दिसे. मेंढपाळांची आणखी तीन मुलं होती, ती यंदाही अजून कोकणातच होती. चौघांची नावं गेली असती तर पट अठरावर आला असता, आणि वीसच्या खाली ‘अ’ श्रेणीही शाळा वाचवत नसे. जूनमध्ये पोरं परत यायचीच होती. मग रोजच्या हजेरीत एक खूण केली तर बिघडलं कुठं?

“सगळेच करतात,” शेटे समजुतीनं म्हणाले. “मी शिक्षक होतो तेव्हा मीही केलंय.”

“पण पडताळणीच्या दिवशी मी तिला गैरहजरच दाखवलं होतं. तिचा पेपर मी कुणाकडून लिहून घेतला नाही.”

“माहितीय. लिहायची गरजच पडत नाही.”

पटावरचं मूल पडताळणीला आलं नाही, तर केंद्रातलं यंत्र त्याची रेषा पुढं वाढवतं, असं त्यांनी सांगितलं. मूल वर्षभर हजर होतं, त्या दिवशी आजारी असेल, असं धरून. ते त्या दिवशी आलं असतं तर काय लिहिलं असतं, याचं अनुमान काढून तेवढी उत्तरपत्रिका यंत्रच पूर्ण करतं. एका तापामुळं पोराचं वर्ष वाया जाऊ नये, हा मूळ हेतू. मायाक्काची पहिलीतली सुरुवात चांगली होती. त्या चार महिन्यांवरून रेषा निघाली आणि हजेरी भरत गेली तशी वर चढत राहिली. पहिलीत अठ्ठ्याहत्तर, दुसरीत चौऱ्याऐंशी, तिसरीत एकोणनव्वद.

“दर जूनला ती घसरलेली दिसायची. केंद्रानं ती तात्पुरती घसरण धरली.”

“आणि यंदा?”

“यंदा त्र्याण्णव अपेक्षित होते.” शेट्यांनी मायाक्काकडं पाहायचं टाळलं. “हिला एकतीस पडले. लेखणीवरचा दाबही जुळत नाही.”

बाईंनी मायाक्काच्या हातांकडं पाहिलं. चार महिने काठी आणि दोर धरून तळवे राठ झाले होते. अंगठ्याखाली सोललेल्या जागी नवी कातडी आली होती.

शेट्यांनी पडद्यावर एक पान उघडलं. यंदाची उत्तरपत्रिका, केंद्रानं पूर्ण केलेली. बाई ते पान बघत राहिल्या. अक्षर मायाक्काचं होतं. तिचा तो एका बाजूला कललेला ‘ळ’, शिरोरेषा शेवटी थोडी उचलायची सवय, सगळं तिचं. फक्त अक्षर मोठं झालं होतं, सराईत झालं होतं. चार वर्षं एक दिवसही न चुकवता शाळेत बसलेल्या मुलीचं ते अक्षर होतं. भागाकार बिनचूक होते. शेवटी ‘माझी शाळा’ या विषयावर दहा ओळी होत्या.

मायाक्का जवळ सरकली आणि बोट ठेवून अडखळत वाचू लागली. “मी रोज शाळेत येते. सकाळी माझ्या बाकावर ऊन येते. हिवाळ्यात ते मला फार आवडते.”

ती थांबली. “बाई, ह्ये मी कवा लिवलं?”

 तिच्या बाकावर हिवाळ्यात ऊन येतं हे खरं होतं. इतर मुलांच्या निबंधांतून यंत्राला ते कळलं असणार. मायाक्कानं हिवाळ्यात तो बाक कधी पाहिलाच नव्हता.

द्वारकाला वाचता येत नव्हतं, पण ती लेकीच्या चेहऱ्याकडं बघत होती. “कुणाचा पेपर हाय त्यो?” तिनं विचारलं.

“तुमच्या मुलीचाच,” शेटे म्हणाले, आणि म्हणताच त्यांचं त्यांनाच कसंसं झालं.

बाईंना एकाएकी दुसरी शंका आली. त्यांनी ओवी जगदाळेचं पान उघडायला सांगितलं. ओवी तिसरीतली, वाचनात सगळ्यांत मागं. ऑगस्टपासून शाळा सुटल्यावर बाई तिला, पाटी बाजूला ठेवून, रोज अर्धा तास घेऊन बसत. जानेवारीत एका दुपारी ओवीनं अख्खा धडा न थांबता वाचला होता, आणि मुलाणी सरांनी सगळ्या शाळेला चिक्की वाटली होती. पडताळणीत ओवीनं पेपर छान सोडवला होता. बाईंनी स्वतः मागं उभं राहून पाहिलं होतं.

ओवीच्या पानावर बेचाळीस गुण होते. उत्तरं तुटक, चुकीची, मागच्या वर्षीच्या ओवीची.

“हे तिनं लिहिलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

शेट्यांनी खालची बारीक ओळ वाचून दाखवली. रेषेपासून फार दूर गेलेली उत्तरपत्रिका संशयास्पद धरली जाते. वर गेली तर कॉपी समजतात आणि तिच्या जागी अनुमानित उत्तरपत्रिका ठेवतात. पाटी मात्र हिरवीच होते, कारण मूल तेच असतं. ओवीची लेखणी जुळली होती, मायाक्काची तीही नाही, म्हणून तिथं लाल.

“आमच्या बावीसांपैकी किती पेपर मुलांनी लिहिलेत तसेच धरले?”

शेटे बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत राहिले. “नऊ.”

बाई खुर्चीत बसल्या. गेल्या तीन वर्षांत प्रत्येक निकालाच्या दिवशी त्यांनी त्या फलकाला हार घातला होता. वस्तीवरच्या बायांनी त्यांची ओटी भरली होती. शिकवलेलं कुणीतरी वाचतंय, मोजतंय, असं समजून त्या संध्याकाळपर्यंत शाळेत थांबत होत्या. ते कुणी वाचलंच नव्हतं. ओवी वाचायला शिकली हे या खोलीबाहेर कुठंही घडलेलं नव्हतं.  मुलाणी सरांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

शेट्यांनी आवाज खाली आणला. खुलाशाला दोनच पर्याय होते. पहिला म्हणजे, पडताळणीला बसलेली मुलगी तोतया होती असं लिहून द्यायचं. अल्पवयीन असल्यानं तिच्यावर कारवाई नाही. त्र्याण्णव गुण राहतील, ‘अ’ राहील, शाळा राहील. दुसरा म्हणजे, हीच खरी मायाक्का असं प्रमाणित करायचं. मग तिची चार वर्षांची रेषा रद्द होईल, तिच्यामागं सगळा पट तपासला जाईल आणि हजेरीच्या खोट्या खुणांबद्दल बाईंची चौकशी लागेल. श्रेणी तर जाईलच.

“पहिला दिला तर या मुलीचं काय होईल?”

“मायाक्का हुलगे पाचवीला निवासी शाळेत जाईल. त्र्याण्णवला प्रवेश ठरलेला आहे.”

“मी या मुलीचं विचारतेय.”

शेट्यांनी चष्मा काढून पुसला. “हिला पाटी उघडणार नाही. इथं नाही, कुठंच नाही. नोंदींच्या हिशेबानं ही कोण, ते कुणालाच माहीत नाही.”

द्वारका हे ऐकत होती. ती भिंतीला हात टेकून उठली. पोटावर एक हात ठेवून ती बाईंच्या समोर आली आणि शांतपणे बोलली. “बाई, शाळा ऱ्हावी म्हणून तुमी नाव ठेवलं, त्ये आमास्नी म्हाईत हुतं. आमीच म्हनलं हुतं ठेवा म्हून. पर माजी पोर हितं हुबी हाय.”

बाईंनी पडदा स्वतःकडं ओढला. त्यांच्या मनात काही फार मोठा विचार आला असं नाही. मायाक्काच्या अंगठ्याखालची ती नवी कातडी तेवढी दिसत होती. त्यांनी दुसरा पर्याय निवडला, खाली आपल्या हातानं लिहिलं, ‘ही विद्यार्थिनी मायाक्का हुलगेच आहे. मी तिला ओळखते,’ आणि सही केली.

पडदा थोडा वेळ पांढरा राहिला. मग अक्षरं उमटली.

‘हा निर्णय श्रीमती मुक्ता घार्गे यांच्या निर्णयरेषेशी विसंगत आहे. दबावाखाली घेतला असण्याची शक्यता आहे. त्याच्या जागी अनुमानित निर्णय नोंदवला आहे : पर्याय पहिला.’

खाली सही होती. त्यांचीच. ‘घार्गे’मधला तो घाईत ओढलेला रफारसुद्धा.

मुलाणी सर पुढं झुकून वाचत होते.  मुख्याध्यापकांचीही रेषा ठेवतात, एवढं शेटे म्हणाले. चार वर्षं रोज भरलेली हजेरी, आलेल्या मुलांची आणि न आलेल्यांची. तिच्यावरून काढली असणार. त्या रेषेतल्या घार्गे बाई शाळा वाचवतात. दरवेळी वाचवतात.

बाईंनी पुन्हा सही करून पाहिली. पडद्यानं लेखणी घेतली नाही. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक जुनी कोरी वही काढली, तिच्यावर त्याच दोन ओळी लिहिल्या आणि वही शेट्यांच्या पुढं केली. शेट्यांनी ती घेतली खरी, पण ती कुठं द्यायची, कोण वाचणार, हे त्यांना सांगता येईना. 

शाळा सुटली होती. मुलं फाटकाबाहेर पांगली होती. द्वारकानं लेकीचा हात धरला आणि दोघी पायरी उतरल्या. अर्ध्या अंगणातून मायाक्का हात सोडवून परत आली. उंबऱ्याच्या अलीकडं, बाहेरच थांबली. आत यावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

“बाई,” तिनं विचारलं, “उद्या मी येऊ, का तीच येनार हाय?”