पुढच्याचा हात

काय रे पोरांनो, काळोखात दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून सायकल चालवली आहे का तुमच्यापैकी कोणी? नाही ना? उद्या रात्री चालवाल. म्हणून म्हटलं, आजच सांगून टाकावं. साखळीला तेल घालता घालता ऐका, हात थांबवायची गरज नाही.

मागच्याला रस्ता दिसत नसतो. दिसते ती पुढच्याची पाठ. वारा तो अडवतो, म्हणून आपण त्याला चिकटतो. त्यासाठी एक रीत आहे. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने हात खाली करून दाखवायचा आणि ओरडायचं, "खड्डा!" मागच्याने म्हणायचं, "दिसला!" ते "दिसला" कानावर पडेपर्यंत पुढच्याने हाक थांबवायची नाही. बस, एवढ्यावर माणसं रात्रभर एकमेकांवर जीव टाकून जातात.

ही गोष्ट चष्मेवाल्याची. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवायचा. माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याने मला जे सांगितलं तेच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार. दुकान बंद करून तो बहिणीकडे गेला. काम साधंच होतं. दुसऱ्या दिवशीच्या रात्रभराच्या सायकल राइडसाठी भाऊजींचा मोठा दिवा आणायचा होता. भाऊजी म्हणजे या ताईचा नवरा. आदल्या वर्षी याच राइडमध्ये, कालव्याकाठच्या कच्च्या रस्त्यावर गेले. मोरीचा, म्हणजे छोट्या पुलाचा, कठडा आणि कडेचा रस्ता खचला होता. सायकलसकट खाली दगडांवर. पुढे कोण होतं? हाच. चष्मेवाला.

ताई इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "दिवा ना? घेऊन जा. त्या माणसाला नाहीतरी त्याचा काय उपयोग झाला?"

"ताई, असं नको ना बोलूस."

"मग कसं बोलू? तू हात दाखवलास, घसा फोडून ओरडलास, आणि ह्यांचं लक्ष कुठे होतं? मला सांग, कुठे होतं? घरी बायको आहे, मुलगी आहे, एवढं तरी..." तिने इस्त्री उभी केली. "मुलीलाही मी हेच सांगते. वागशील तशी वाग, पण बापासारखी बेफिकीर होऊ नकोस."

आता सांगावं, असं चष्मेवाल्याच्या अगदी ओठांवर आलं. पण ताईने किल्ली पुढे केली आणि त्याने ती घेतली.

"मागच्या खोलीत आहे. मी नाही येत. मी पाऊल टाकत नाही तिथे."

खोलीत भाऊजींची सायकल भिंतीवरच्या हुकाला टांगलेली होती. टायर बसलेले. सीटवर धुळीचा थर. चाकांच्या आऱ्यांतून थेट भिंतीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. त्या सायकलचं मागचं चाक भारी वाजायचं. पायडल मारायचे थांबले की टिक-टिक-टिक-टिक. सगळे त्याला भाऊजींचा रातकिडा म्हणायचे. गल्लीच्या तोंडाशी रातकिडा वाजला की ताई ताट वाढायला घ्यायची.

त्याने दिवा काढून घेतला. सायकलकडे पाठ करून बाहेर आला. कुलूप लावलं. किल्ली ताईने आपल्या खिशात टाकली.

शनिवारी दुपारी राइड सुटली. रात्री मी दुसऱ्या थांब्यावर पाणी वाटायला होतो. हा आला तेव्हा बारा वाजून गेले होते. चंद्र नव्हता. मी म्हटलं, "अरे, एकटाच का? चारजणांचा घोळका आत्ताच गेलाय, गाठ त्यांना, वारा कमी लागेल."

तो म्हणाला, "एकटाच बरा मी. कोणाच्या पुढे राहायचंच नाही मला."

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

डांबरी रस्ता संपला. खडी लागली. मग कालवा. तिथली माती पांढरी, चिकट. कालवा पाझरतो म्हणून बारा महिने ओली. आसपास दुसरीकडे कुठे तसली माती नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार. दिव्याच्या उजेडापलीकडे काही म्हणजे काही नाही.

थोडं अंतर गेल्यावर मागून आवाज आला.

टिक-टिक-टिक-टिक.

असेल कोणीतरी, असं त्याला वाटलं. गाठलं असेल मागून. पण मागून येणाऱ्याचा दिवा आपल्या पुढच्या रस्त्यावर पडतो की नाही? आपलीच सावली लांब होते. इथे उजेड नव्हता.

"कोण आहे?" त्याने विचारलं. "पुढे जायचं असेल तर जा ना. जागा आहे."

टिक-टिक-टिक.

त्याने वेग वाढवला. आवाज तेवढ्याच अंतरावर. त्याने वेग कमी केला. आवाज तेवढ्याच अंतरावर. अगदी चाकाला चिकटून. जसे भाऊजी चिकटायचे आणि मागून चिडवायचे, "चल रे मेव्हण्या, ओढ मला! शेवटाला तुला टाकून निघून जाणारच आहे मी!" आणि जायचेही. दर वर्षी. मग ताईच्या घरी जेवताना तीच थट्टा. हा हसायचा. पण कुठेतरी लागायचं.

मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

मग आवाज बाजूला आला. खांद्याजवळून गेला. ना वारा, ना श्वास. पुढे गेला. दिव्याच्या उजेडात रस्ता रिकामाच. पण टिकटिक पुढून.

आणि उजेडाच्या अगदी कडेला, डाव्या बाजूला, जमिनीपासून हातभर वर...

एक हात.

खाली केलेला. बोट जमिनीकडे.

त्याने घाबरून हँडल वळवलं. चाकाजवळून मोठा धोंडा गेला.

हात दिसेनासा झाला. पुन्हा आला. उजवीकडे. तो डावीकडे झाला. उजवीकडे चर होता. पुन्हा हात. पुन्हा खड्डा. नीट. वेळेवर. एकही चुकवला नाही. जसा चांगला पुढचा माणूस दाखवतो, तसा.

चष्मेवाला रडायला लागला. त्याला कळलं होतं कोण दाखवतंय. आणि हा रस्ता कुठे जातो, तेही.

मोरी.

या वेळी हात फार आधी आला. खाली नाही... आडवा. थांब.

त्याने दोन्ही ब्रेक दाबले. चाक घसरलं. पाय टेकला.

पुढे रस्ता नव्हता.

नवा बांधलेला अर्धा भाग पुन्हा खचला होता. पायापासून वीतभर अंतरावर काळोख. खाली दगडांवर पाण्याचा आवाज.

टिकटिक थांबली होती. खड्ड्यापलीकडे कुठेतरी. पण गेली नव्हती. वाट बघत होती.

कशाची?

तुम्हाला रीत सांगितली ना मी. मागच्याने उत्तर द्यायचं असतं.

त्याने तोंड उघडलं. कालव्याचं पाणी वाहत होतं. ते तेवढं.

शेवटी म्हणाला, "दिसला..."

टिक.

"दिसला, भाऊजी." मग तो चिखलात गुडघ्यांवर बसला. "मला तेव्हाही दिसला होता. मी वळवली सायकल. हात नाही दाखवला. हाक नाही मारली. वाटलं, जरा ब्रेक मारावा लागेल तुम्हाला, जरा मागे पडाल... तेवढंच. देवाशप्पथ, तेवढंच वाटलं होतं. आणि मग सगळ्यांना सांगितलं की दाखवला."

मग पलीकडे टिकटिक सुरू झाली. रागाची नाही, घाईची नाही. घरी जाणाऱ्या माणसाची असते तशी. लांब गेली... आणखी लांब... मग नुसतं पाणी.

त्याने राइड तिथेच सोडली. मागून येणाऱ्यांना दिसावा म्हणून भाऊजींचा दिवा मोरीवर पेटता ठेवला, आमच्या थांब्यावर फोन करून मोरी खचल्याचं कळवलं (पुढचे चौघे ती खचण्याआधीच सुखरूप पार झाले होते), आणि मोबाइलच्या उजेडात सायकल ढकलत उतारावरून खालच्या रस्त्याला लागला.

ताईने दार उघडलं तेव्हा उजाडत होतं. त्याची सायकल बाहेर पायरीला टेकलेली. "संपली एवढ्यात?" तिने विचारलं.

"नाही. सोडली. ताई, बस जरा."

त्याने सांगितलं. सगळं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभीच होती.

मग म्हणाली, "म्हणजे ते बघत होते."

"हो."

"तुझ्या हाताकडे."

"हो, ताई."

तिने त्याच्या तोंडात मारली नाही, रडलीही नाही. खिशातून किल्ली काढली आणि वर्षभरात पहिल्यांदा त्या खोलीकडे गेली. हा मागून गेला. कुलूप जसंच्या तसं होतं. ते तिनेच उघडलं.

सायकल हुकाला टांगलेली होती. टायर तसेच बसलेले. आऱ्यांपासून भिंतीपर्यंतच्या जाळ्याचा एक धागाही तुटलेला नव्हता. आणि दोन्ही टायरना पांढरी, चिकट माती लागलेली होती. ओली. तिचे थेंब खाली फरशीवर पडत होते.

ताईने ती माती पुसली नाही. त्या सकाळी तिने मुलीला झोपेतून उठवलं, हाताला धरून त्या सायकलसमोर आणून उभं केलं आणि भावाला म्हणाली, "आता मला सांगितलंस तसंच हिला सांग."

त्याने सांगितलं.