नालबंदाचा माग

१९४८च्या उन्हाळ्यात खाजाभाई आपल्या धाकट्या भावाला शोधायला बालाघाटाच्या डोंगरात शिरला. भाऊ जैनोद्दीन जळकोटकडचा नालबंद. गावोगाव फिरून बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री ठोकायचा. निजामी अमलाचे ते अखेरचे दिवस. हत्यारबंद टोळ्या मोकाट सुटल्या होत्या. एका टोळीच्या घोड्यांना नाल ठोकायला त्यानं साफ नकार दिला आणि तो डोंगरातल्या खोरवाडीकडं पळाला. पुढं कुणाला दिसलाच नाही. खाजाभाईसोबत होता त्याचा दोस्त बब्रुवान, खांद्यावर दोर टाकून.

खोरवाडीत दोघांना पाहताच दारं लागली. पारावर बसलेला बंडप्पा नावाचा गावकरी तेवढा बोलला, "इकडं कुणी आलंच न्हाय."

पण पारामागं एक बैल बांधला होता. खुरांना नवीकोरी पत्री, खिळ्यांची टोकं आत वळवून गुळगुळीत घासलेली!

"ही जैनूचीच ठोकणी," खाजाभाई पुटपुटला. "गाव खोटं बोलतंय."

"मारून तर टाकला नसंल?" बब्रुवाननं विचारलं.

एवढ्यात एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन दरीकडं निघाली. तिकडं ना कुणाचं शेत होतं, ना विहीर. दोघं अंतर राखून तिच्या मागं लागले.

दरीत ऊन भट्टीसारखं साचलं होतं. वाळलेल्या गवतातून सरडे सळसळत होते आणि कड्याला आग्या मोहोळाचं काळं पोळं लोंबत होतं. बब्रुवानच्या पायाखालचा दगड घरंगळला आणि कड्यावर आपटला. पोळं उठलं!

"पळा!"

दोघांनी ओढ्याच्या डोहात उड्या घेतल्या. मधमाश्या डोक्यावर घोंघावत राहिल्या. त्या पांगल्या तेव्हा म्हातारी गायब! वर कड्याच्या कपारीतून मात्र बारीक धूर निघत होता.

खाजाभाई चढू लागला. निम्मा कडा चढला. हातातला दगड निखळला! खाजाभाई एका मुळीला लोंबकळला. वर पाहतो तो म्हातारी धोंडा उचलून उभी!

"हलशील तर घालीन डोक्यात!"

"मी त्याचा भाऊ हाय, मावशी!"

"समदे असंच म्हणत्यात!"

"हरणामावशी, थांबा!" आतून ओळखीचा आवाज आला. "आमचे भाईच हायत ते!"

धोंडा बाजूला पडला. बब्रुवाननं खालून दोर फेकला, हरणाबाईनं तो उंबराच्या खोडाला आवळला, आणि खाजाभाई व त्याच्यामागं बब्रुवान धडपडत वर आले.

कपारीत जैनोद्दीन एका पायाला काठ्या बांधून बसला होता. तो गावातल्या बैलांना पत्री ठोकत असताना टोळीचे घोडेस्वार घुसले, तेव्हा त्यानं दरीत उडी टाकली होती. पाय मोडला. गावानं त्याला इथं लपवलं आणि अनोळखी माणसाजवळ तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. खाजाभाईनं त्याला मिठी मारली आणि तो लहान पोरासारखा रडला.

"घरी नेऊ का रे तुला?"

"एवढ्यात नगं, भाई. वाटंवर ते हायतच. तुमालाबी धरतील."

खाजाभाईला ते पटलं. तो हरणाबाईकडं वळला. "मावशी, ठेवताल न्हवं याला?"

"मंग काय हाकलून देते व्हय? आधी भाकरी खावा तुमी!"

भाकरी खाऊन दोघं हरणाबाईनं दाखवलेल्या सोप्या वाटेनं उतरले. ओढ्याकाठच्या करंजाखाली खाजाभाई जरा टेकला आणि बघता बघता घोरू लागला. कित्येक दिवसांनी त्याचा डोळा लागला होता. बब्रुवाननं त्याला उठवलं नाही. खाजाभाईच्या अंगावरच्या माश्या हाकत तो शेजारी बसून राहिला.