हातातली हरवलेली चित्रं

माझी आई "जाते" असं कधीच म्हणत नाही. कोपऱ्यावर दूध आणायला निघाली तरी "येते" म्हणूनच निघते. तरीही त्या सकाळी मंगळावरून तिने मला "जाते" असं सांगितलं आणि माझ्या काळजात धस्स झालं.

नीट सांगते. आईला ऐकू येत नाही, म्हणून आमच्या घरी हातांनी बोलतात. हात पुढे ढकलला की 'जाते'. तोच हात पुढे नेऊन चटकन छातीशी आणला की 'येते'. आई मंगळावर दगडांचा अभ्यास करत होती. येत्या शनिवारी तिथून दोन यानं निघणार होती. एक पृथ्वीकडे, दुसरं मंगळाच्या ध्रुवाकडे, आणखी दोन वर्षांसाठी. आपण कशात बसणार ते आई आज सांगणार होती. तिचा व्हिडिओ अंतराळ केंद्रातून सकाळी दहाला आणि पुन्हा दुपारी चारला दाखवत, साठवायची सोय नव्हती. उद्यापासून मंगळ सूर्याआड जाणार, म्हणजे पंधरा दिवस विचारताही येणार नाही.

"काहून रडून राहिली, शर्वाणी?" आजोबांनी विचारलं. आजोबा म्हणजे आईचे बाबा, लोणारच्या विवराकाठी राहणारे निवृत्त शास्त्रज्ञ. सुट्टीत मी त्यांच्याकडे आले होते. त्यांचा संगणक जवळजवळ त्यांच्याइतकाच म्हातारा, आणि दोघांनाही ते कबूल नाही.

"काय दिसलं ते करून दाखव."

मी हात पुढे ढकलला.

"मग?"

"मग चित्र अडकलं. सुटलं तेव्हा हात खाली होता."

आजोबा ताडकन उठले. "म्हणजे मधली चित्रं गळली!"

"मेमरी कमी पडत असेल," मी शहाणपणा केला. आजोबांनी मेमरीची जादा पट्टी बसवली आणि माझ्या वाढदिवसाचा व्हिडिओ लावून पाहिला. तोही तसाच अडखळला. माझं शहाणपण तिथेच संपलं.

"हे बघ," आजोबा म्हणाले, "व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पन्नास फ्रेम (स्थिर चित्रं). सगळी पूर्ण पाठवली तर फार जागा लागते. म्हणून एक चित्र पूर्ण पाठवतात आणि पुढे फक्त काय बदललं तेवढंच. ही झाली घडी. ती उलगडायचं काम इथे प्रोसेसर (संगणकाचा मेंदू) एकटा करतोय."

पडद्यावर प्रोसेसरचा भार दिसत होता: शंभर टक्के.

"एकट्या बाईने पोळ्या लाटायच्या, भाजायच्या आणि वाढायच्याही, तर ताटात पोळी उशिराच पडणार. इथे तर उशिरा तयार झालेलं चित्र दाखवतच नाहीत, गाळून पुढे जातात."

"मग मदतीला कोणी तरी द्या ना त्याला."

"तेच तर. ग्राफिक्स कार्ड (चित्रांचं काम करणारा वेगळा भाग). त्यात डिकोडर असतो (घडी उलगडणारा), त्याला दुसरं कामच नाही."

कपाटातून दोन कार्डं निघाली. पहिलं बसवलं, पण भार तसाच. घडी घालायची ही नवी पद्धत त्या कार्डाला ठाऊकच नव्हती. दुसऱ्याला ती येत होती, तरी व्हिडिओ अडखळलाच. चार वाजायला दहा मिनिटं उरली होती आणि मी रडायच्या बेतात होते.

"आजोबा, व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रामला कळलंय का, की मदतनीस आलाय?"

आजोबांनी कपाळावर हात मारला आणि प्रोग्राममधली 'कार्ड वापरा' हा पर्याय चालू केला. भार शंभरवरून नऊ टक्क्यांवर आला. माझा वाढदिवस पाण्यासारखा वाहू लागला.

चार वाजले. आई दिसली. शनिवार, यान... तिचा हात पुढे गेला. मनगट वळलं, बोटं मिटली, आणि हात सरळ छातीशी आला.

येते.

पाठोपाठ 'घरी' अशीही खूण झाली. मी इतक्या जोरात नाचले की टेबलावरचा पेचकस खाली पडला. आजोबा तो शोधायच्या निमित्ताने बराच वेळ टेबलाखाली राहिले आणि डोळे पुसून वर आले.

आता आई वाटेत आहे. यानाला सात महिने लागतात. मग ती माझ्यासमोर बसून बोलेल, आणि तिचे हात बघायला मला कुठलंच कार्ड लागणार नाही.