सोमवारचे सतरा किलोमीटर

चेन दर पाचशे किलोमीटरला साफ करायची, हजाराला तिचा ताण बघायचा, आणि ताण बघताना गाडीवर कुणीतरी बसलेलं असावं, हे सगळं मी नवलभाऊंकडून शिकलो. त्यांचं गॅरेज नंदुरबारला, मिरची वाळवायच्या पथारींकडे जाणाऱ्या रस्त्याला. हिवाळ्यात तिथे गाडी नेली की आधी दहा शिंका येतात, मग काम सुरू होतं. लांबच्या प्रवासाच्या गाड्या बाळगणाऱ्या आम्हा तीस-पस्तीस जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्याचे अॅडमिन तेच. ग्रुपवर शुभ सकाळ टाकायला बंदी. फक्त गाडी. टायर गार असतानाच हवा तपासा. घाट उतरताना क्लच दाबून ठेवू नका, इंजिनला गाडी धरू द्या. मागच्या ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, पॅड जळतात.

मी नवनीत पाटील, भूकरमापक. म्हणजे जमिनीची सरकारी मोजणी करणारा. घर शहाद्याला, नेमणूक धडगावला. सोमवारी सकाळी साडेसातला गाडी काढायची, म्हसावदवरून घाट चढून नऊच्या आत ऑफिसला पोचायचं. आठवडाभर तिथल्या भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी उतरायचं. बायको चेतना शहाद्यात शाळेत शिकवते, म्हणून घर हलवलं नव्हतं. माझ्या दारापासून ऑफिसच्या फाटकापर्यंत बरोबर एकावन्न किलोमीटर. आकडे लक्षात ठेवणं हा माझा धंदाच आहे.

जानेवारीतल्या एका सोमवारी फाटकात गाडी उभी केली, तेव्हा मीटर अडुसष्ट दाखवत होता.

निघताना शून्य करायचा राहिला असेल असं समजून मी सोडून दिलं. शुक्रवारी उतरताना एकावन्न भरले. पुढच्या सोमवारी चढताना पुन्हा अडुसष्ट. तिसऱ्या सोमवारी निघताना शून्य केलेल्या मीटरचा फोटो काढला. पोचल्यावर अडुसष्ट.

मी ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात बारा उत्तरं आली. कुणी म्हणालं चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसला असेल, कुणी म्हणालं टायरचं माप बदललंय का बघा. आमशा पावरा म्हणून आमचा एक मित्र आहे. घाटाच्या माथ्याशी त्याचं घर आणि शेत, तिथल्याच शाळेत तो शिक्षक. त्याने विचारलं, "फोनवरचा नकाशा काय सांगतो?" नकाशा एकावन्न सांगत होता. नवलभाऊंनी शेवटी आवाजी निरोप पाठवला.

"हवा कमी ऱ्हायनी तं एखादा किलोमीटरना फरक पडस. सतराना नही. सेन्सर बदली टाक."

सेन्सर बदलला. काही फरक पडला नाही. चढताना अडुसष्ट, उतरताना एकावन्न. आणि माझं घड्याळ मात्र नेहमीसारखंच चालत होतं. साडेसातला निघून पावणेनऊला मी ऑफिसात असायचो. सतरा किलोमीटरच्या घाटाला किमान अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कुठेच खर्च झालेला नव्हता.

नवलभाऊ तसे कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणारे नव्हेत. पुढच्या रविवारी ते मुक्कामाला शहाद्याला आले आणि सोमवारी सकाळी स्वतःची गाडी घेऊन माझ्या मागे निघाले. निघण्यापूर्वी शहाद्याच्या पंपावर दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरल्या. घाट सुरू झाल्यावर आरशात त्यांचा दिवा मला सतत दिसत होता. सागाची पानं गळून रस्त्यावर पडलेली, चाकाखाली पापडासारखी मोडत होती. ऊन कोवळं होतं. एकदा एक जीप वरून आली, तेवढीच. मला सगळा रस्ता आठवतो. कुठेही खंड नाही.

फाटकात त्यांचा मीटर एकावन्न आणि माझा अडुसष्ट.

मापाची बाटली घेऊन त्यांनी दोन्ही टाक्या पुन्हा गळ्यापर्यंत भरल्या. माझ्या गाडीला सहाशे मिली जास्त लागलं. मग खाली बसून त्यांनी मागच्या चाकाच्या खाचेतून स्क्रू ड्रायव्हरने काहीतरी खरवडलं आणि दोन बोटांत धरून चोळलं. काळा, ओला चिखल होता. फेब्रुवारी लागलेला, घाटात सगळीकडे कोरडी धूळ, ओढ्यांतही पाणी नव्हतं.

"हाऊ वला शे," ते म्हणाले.

"तुम्ही मला कुठे थांबलेलं पाहिलं?"

"मी तुन्हा मांगेच व्हतू. एक बी वळणवर तू मन्हा नजरआड झाया नही." त्यांनी बोटं फडक्याला पुसली. थोड्या वेळाने म्हणाले, "पन गाडी चालेल शे, नवनीत. मीटर खोटं नही बोली ऱ्हायना."

चहा न घेताच ते परत उतरले.

हे चेतनाला त्यांनीच सांगितलं असणार. कारण शुक्रवारी मी घरी गेलो तर ती आधीच ठरवून बसली होती. "सोमवारी मी रजा काढलीय," ती म्हणाली. "मागे बसते. दुपारच्या बसने परत येईन."

मी नको म्हणालो, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. "का नको?"

त्या प्रश्नात काय आहे ते मला कळलं. आठवड्यातले पाच दिवस नवरा डोंगरात राहतो आणि त्याच्या गाडीचे सतरा किलोमीटर कुठे जातात हे तो सांगू शकत नाही. तिच्या जागी मी असतो तरी हाच विचार केला असता. मी हो म्हणालो. मागचा स्प्रिंग दोन खाचा घट्ट केला, हवा तीन पॉइंट वाढवली. तिला सांगितलं की वळणात अंग उलटीकडे टाकायचं नाही, माझ्या खांद्याकडे बघत राहायचं आणि काही वाटलं तर पाठीवर दोनदा थोपटायचं.

सोमवारी सकाळी निघालो. म्हसावदला भज्यांचा वास होता. घाटात तिचे हात माझ्या कमरेला घट्ट होते. तिने एकदाही थोपटलं नाही. पावणेनऊला फाटकात गाडी उभी केली. आमच्या ऑफिसातल्या शिपाई गुलाबबाई दारात झाडत होत्या, त्या चेतनाकडे बघून हसल्या.

चेतना उतरली आणि गाडीला धरून उभी राहिली. हेल्मेट काढायला तिला वेळ लागला. मग तिने माझ्या बॅगेतली पाण्याची बाटली काढली आणि एका दमात प्यायली, सगळी.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"पावणेनऊ."

ती स्वतःच्या घड्याळाकडे बघत राहिली. तेही पावणेनऊच दाखवत होतं.

मी मीटर बघितला नाही. गरज नव्हती. आम्ही फाटकाबाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसलो. घरी आम्ही गुजरीत, आमच्या गुजर समाजाच्या बोलीत बोलतो, तसंच ती बोलली, हळू आवाजात, समोरच्या रस्त्याकडे बघत.

"बांबूंची तीन बेटं आहेत, तिथे रस्ता उजवीकडे वळतो. तुम्ही डावीकडे घेतलीत."

"डावीकडे रस्ता नाही, चेतना."

"आहे. चांगला आहे. तुम्ही वेगसुद्धा कमी केला नाही. खाली एक ओढा आहे, त्यात पाणी आहे. पाण्यातून गाडी घातलीत. मग सपाट शेतं लागतात, ओल्या मातीची. मी पाठीवर थोपटलं. खूप वेळा थोपटलं. हाक मारली. तुम्ही एकदा मागे वळून बघितलंत, हसलात, आणि पुढे बघायला लागलात."

मी फाटकातल्या गाडीच्या चाकांकडे बघितलं.

"तिथे एक घर आहे. पांढऱ्या चुन्याचं. तुम्ही गाडी उभी केलीत तशी एक बाई बाहेर आली. माझ्याच वयाची. तिने तुमच्या हातातून हेल्मेट घेतलं, तुम्ही न देताच. आत खुंटीला अडकवलं. त्या खुंटीखाली, भिंतीवर..." ती थांबली. "हेल्मेट घासून घासून काळा गोल डाग पडलाय. असा डाग एका महिन्यात पडत नाही. तुम्ही आत जाऊन जेवलात. मी ओट्यावर उन्हात बसले होते. ऊन डोक्यावर आलं."

"ती काय बोलली?"

"आपल्याच भाषेत बोलली. घरच्या." चेतनाने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "तिने तुम्हाला विचारलं, ही कोण."

"मी काय सांगितलं?"

एक जीप भरत होती, ड्रायव्हर शहादा, शहादा ओरडत होता.

"म्हणालात, रस्त्यात भेटली. धडगावला सोडतो तिला."

बसची वाट न बघता ती त्याच जीपमध्ये बसून गेली.

त्याच दुपारी मी आमशाला बोलावलं आणि आम्ही बांबूंच्या बेटांपाशी गेलो. रस्ता उजवीकडे वळतो. डावीकडे दगडी कठडा आहे आणि कठड्यापलीकडे साठ-सत्तर फूट सरळ दरी. मी मोजणीचा नकाशा आणला होता. खालचा सगळा भाग वनखात्याचा. घर नाही, वहिवाट नाही, पायवाटसुद्धा नाही. मी कठड्याचे दगड हाताने चाचपले. जुने होते, शेवाळ वाळून चिकटलेलं. एकही दगड हललेला नव्हता.

"इथे खाली कुणाचं घर होतं कधी? गुजरांचं?"

"गुजर इथे कशाला येतील राहायला?" आमशा म्हणाला. "माझा बाप इथेच म्हातारा झाला. खाली कुणी नव्हतं." मग तो कठड्यावर वाकून जरा वेळ खाली बघत राहिला. "सोमवारी सकाळी शाळेला निघतो तेव्हा खालून गाडीचा आवाज येतो खरा. मला वाटायचं वरच्या रस्त्याचाच आहे, दरीत घुमतो."

"कधीपासून?"

"मी शाळेला लागलो तेव्हापासून."

आमशा नोकरीला लागला त्याला अकरा वर्षं झाली होती. माझी धडगावला बदली होऊन दोनच झाली होती.

त्या शुक्रवारी मी घाट उतरून सरळ नंदुरबार गाठलं आणि किल्ली नवलभाऊंच्या हातात दिली. "मन्हाकडे ऱ्हावू दे," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांनी गाडीची बॅटरी काढून फळीवर ठेवली.

त्यानंतर मी जीपने जायला लागलो. मधल्या सीटवर चौघांत दाटीवाटीने बसायचं, बांबूंची बेटं आली की डोळे उघडे ठेवून उजवीकडचं वळण पूर्ण बघायचं. जीप उजवीकडे वळायची. सगळे बरोबर असायचे. मी बदलीचा अर्ज दिला. चेतना आणि मी त्या घराबद्दल बोललो नाही, पण रोज संध्याकाळी ती फोन करायची आणि मी कुठे आहे ते विचारायची. मी खोलीत आहे म्हटलं की खिडकीतून काय दिसतं ते सांगायला लावायची. मी सांगायचो. हळूहळू ती हसायलाही लागली. तीन सोमवार असे गेले.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, मी एका पाड्यावर मोजणीला गेलो होतो. चार वाजता परत आलो तर गुलाबबाई पाणी घेऊन आल्या.

"साहेब, घरून बाई येऊन गेल्या तुमच्या."

"चेतना?"

"नाही, त्या दिवशी गाडीवर आल्या त्या नाही. त्यांना मी ओळखते. ह्या दुसऱ्या."

मी ग्लास टेबलावर ठेवला.

"नाव सांगितलं?"

"मी नाही विचारलं. घरच्या माणसासारख्या बोलत होत्या, कसं विचारणार? म्हणाल्या, तीन सोमवार झाले, घरी आले नाहीत. तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे, आता जीपने येतात." गुलाबबाईंचा चेहरा जरा पडला. "सांगायला नको होतं का?"

"मग?"

"मग म्हणाल्या, असं असेल तर मीच जाते. एकच्या जीपमध्ये बसल्या. शहाद्याच्या. मीच बसवून दिलं."

साडेचार वाजले होते. चेतनाची शाळा सकाळची, ती एव्हाना घरी असायची. मी बाहेर येऊन कडुनिंबाखाली उभा राहिलो आणि फोन लावला.

पहिल्यांदा नुसती रिंग वाजत राहिली.

दुसऱ्यांदा फोन उचलला गेला. पलीकडे कुणी बोललं नाही. आमच्या स्वयंपाकघरातला पंखा ऐकू येत होता, त्याला एक खडखड आहे. मीही बोललो नाही.

मग लांबून, बाहेरच्या खोलीतून, चेतनाचा आवाज आला. दुसऱ्याच्या घरी आल्यावर माणूस बोलतो तसा, जरा संकोचून.

"कोणाचा फोन आहे?"

आणि अगदी माझ्या कानाशी, आमच्या घरच्या बोलीत, कुणीतरी शांतपणे म्हणालं, "यांचा. निघालेत म्हणतात."

मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो.