गोल कार्डाची पाठ

"गुरुदत्तनंच चोरलंय. मला पुरावा हवाय," खुर्चीत बसायच्या आत पुरुषोत्तमकाका म्हणाले आणि त्यांनी टकलावरचा घाम पुसला.

मीनाक्षी दाबके सनीव्हेलमध्ये खाजगी तपासाची कामं घ्यायची. पीएच.डी.तून सवड मिळाली की तिचा मावसभाऊ चारुदत्त तिची गाडी चालवायचा. १९८६चा उन्हाळा होता.

तरुणपणी काका ओसाकाला ट्रेनिंगला होते. निघताना घरमालकिणीनं त्यांना बेसबॉलचं एक गोल कार्ड दिलं. जाड पुठ्ठ्याचं, जपानी मुलं जमिनीवर आपटून खेळायची तसलं. त्यावरचा चेंडू फेकणारा पिचर आता कुणालाच आठवत नव्हता. तेव्हापासून काकांना अशा कार्डांचा नाद लागला. पण ते पहिलं त्यांनी फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावलं.

"गुरुदत्तही अशी कार्डं जमवतो; त्या सेटमधलं एवढं एकच त्याच्याकडे नाही. मी डोळ्याच्या ऑपरेशनला हॉस्पिटलमध्ये असताना तो घरी येऊन गेला. परतलो तर फ्रेम रिकामी! फोनवरच त्याला चोर म्हटलं."

"मैत्री किती जुनी?"

"माझी मुलगी दीपा रांगत होती तेव्हापासूनची."

काकांच्या अभ्यासिकेत मीनाक्षीनं भिंतीवरची फ्रेम काढून उलटी केली. पाठीमागचा पुठ्ठा नीट बसवलेला, पत्र्याच्या चिपाही दाबलेल्या. टेबलावर दीपानं वाढदिवसाला दिलेला नवा अल्बम होता, चिकट पानांचा. पहिल्या पानावर काकांचा ओसाकातला फोटो, मध्ये जरासा फुगलेला. टेबलाखाली हेअर ड्रायर पडला होता.

"कार्डाच्या मागे काय होतं, काका?"

"कात्रीचं चित्र. फ्रेम केल्यापासून ती बाजू कुणी पाहिलेली नाही."

गुरुदत्तकाकांच्या घरात खोके बांधून तयार होते.

"मी झाडांना पाणी घालायला गेलो होतो. त्यानं विचारलंही नाही, सरळ चोर म्हणाला. आता इथं मन लागत नाही. घर विकलं, मुलाकडे शुगर लँडला चाललोय."

"त्या कार्डाची पाठ कशी होती?"

"काय माहीत! प्रत्येकावर दगड, कागद नाहीतर कात्री असते. त्याचं कधी फ्रेमबाहेर आलंच नाही."

"नाटक करतोय," गाडीत बसताना चारुदत्त म्हणाला.

दीपा सॅन होझेला नोकरी करायची. "आय नेव्हर टच्ड इट," ती म्हणाली. "मुलांचा गेम आहे यार. मागे ती सिझर्स, हातात धरून आपटायचं. त्यासाठी डॅड एवढा अपसेट!"

निघायच्या दिवशी, मीनाक्षीच्या आग्रहाखातर, गुरुदत्तकाका पुरुषोत्तमकाकांच्या अभ्यासिकेत आले; दीपाही तिथे होती. पण गुरुदत्तकाका बसले नाहीत.

"चोर घाईत असतो," मीनाक्षी म्हणाली. "रिकामी फ्रेम बंद करून परत टांगत नाही. कार्ड बाहेर काढलं ते घरातल्या माणसानं, मायेनं. दीपा, पाठीवर कात्री आहे हे तुला कसं कळलं?"

दीपाचा चेहरा उतरला.

"काकांना केस नाहीत. मग अभ्यासिकेत हेअर ड्रायर कशाला? गरम हवेनं डिंक सोडवायला." तिनं अल्बमचं पहिलं पान उघडलं आणि फुगलेला फोटो अलगद सोडवला. खाली फाटक्या पुठ्ठ्याचा गोल थर चिकटलेला होता.

दीपानं पर्समधून उरलेला पातळ तुकडा काढला. पिचरचा चेहरा शाबूत होता.

"ऑपरेशननंतर डॅडनं पहिलं हेच पान बघावं, असं वाटलं. सरप्राइज. पण मला तो फोटोही शेजारी लावायचा होता, म्हणून चिकटवलेलं कार्ड हलवायला गेले तर फाटलं. सांगणारच होते. तेवढ्यात डॅडनं गुरुदत्तकाकांना फोन केला. देन आय जस्ट कुडन्ट."

चारुदत्तला वर बघवेना.

"मला नुसतं सांगायचंस, पोरी," गुरुदत्तकाका म्हणाले. "तुझ्यासाठी मी 'हो, मीच घेतलं' म्हटलं असतं."

"गुरुदत्त, चुकलो रे. जाऊ नकोस."

"घराच्या किल्ल्या देऊन झाल्या, पुरुषोत्तम."

त्यांनी दीपाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते बाहेर पडले. काका अनवाणीच मागे धावले. पण गाडी वळणावरून दिसेनाशी झाली होती.

"शुगर लँडला ड्राइव्ह करायचं तर किती वेळ लागतो रे?" त्यांनी चारुदत्तला विचारलं.

"दोन-तीन दिवस, काका."

"आणि गेलो, तर दार उघडेल तो?"

चारुदत्तनं त्यांचा हात धरला. तापलेल्या डांबरावरून तो काकांना सावलीत घेऊन आला.