अमावस्येचं वंगण

शैलश्रीला त्याचे आधी पाय दिसले. गाडीच्या पुढच्या बंपरखाली वाकून ती फरशीवरचे तेलाचे ठिपके बघत होती, आणि धुळीनं माखलेल्या दोन चपला समोर येऊन थांबल्या. मग एक तोंड खाली वाकून तिच्याकडे उलटं बघू लागलं.

"काय हरवलंय?"

"तेल," ती म्हणाली.

तो जनवाड्याचा गुरुबसव. भावाबरोबर बी-बियाणांचं दुकान चालवायचा. ठाणाकुशनूरच्या महादेवप्पांना, शैलश्रीच्या वडिलांना, गाडी विकायची आहे असं कळलं म्हणून सकाळच्या बसनं आला होता. पसंत पडली तर तीच चालवत परत जायचा बेत. अप्पा रानात गेले होते, ऊन उतरल्यावर येणार होते. खरं तर शैलश्रीनं त्याला ओसरीवर बसवून चहा द्यायला हवा होता. त्याऐवजी तिनं सांगून टाकलं की गाडी विकायची नाही.

"मग मी कामून आलोय?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

तो हसला, पण गेला नाही. त्यानं कारण विचारलं, आणि असा थांबून राहिला की शैलश्रीला सांगावंसंच वाटलं. गेली दोन वर्षं अप्पांच्या या जुन्या पांढऱ्या गाडीतून मधूनच धूर यायचा. परवा बसस्टँडवर चारचौघांसमोर आला, आणि अप्पांनी रागानं गाडी काढून टाकायचं ठरवलं. इकडे शैलश्रीला बिदरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागलेली. प्रॅक्टिकल संपेपर्यंत गावाकडची शेवटची बस निघून जाते. गाडी गेली की नोकरीही गेली.

त्यानं शेजारची बादली आणि ब्रश बघितला. "म्हणून इंजिन धुवायलाव? धुऊन धूर जातो व्हय?"

"धूर न्हाई जात. पण माखलेल्या इंजिनावर ताजं तेल कुठून येतं ते दिसतच न्हाई. आधी साफ करायचं, मग बघत बसायचं."

गुरुबसवनं बाह्या सरसावल्या. म्हणाला, विकत घ्यायची नसली तरी बघायला काय हरकत आहे.

गोठ्याजवळचा फवारणीचा पंप आणू का, असं त्यानं विचारलं. ती नको म्हणाली; जोराचं पाणी वायरींच्या जोडात शिरतं आणि मग धूर राहिला बाजूला, गाडी सुरूच होत नाही. मग रॉकेल? तेही नको. त्याची वाफ इंजिनात कोंडून राहते, एक ठिणगी पुरते. तिनं इंजिन रात्रभर गार होऊ दिलं होतं. बॅटरीचं उणे टोक सोडवून बाजूला केलं होतं. आता अल्टरनेटर, फ्यूजचा डबा आणि हवा ओढणारं तोंड यांना तिनं एकेक प्लास्टिकची पिशवी बांधायला घेतली. गाठ बसेना, तेव्हा त्यानं बोट ठेवलं. गाठ बसली… बोट मात्र जरा उशिरा निघालं.

"लुगडं नेसवल्यावाणी करायलाव," तो म्हणाला.

"तुम्हाला लई माहिती लुगड्याची."

दारात उभ्या असलेल्या तिच्या आईला, चन्नव्वाला, हसू आलं. ती चहा ठेवायला आत गेली.

मग बादलीत भांड्याच्या साबणाचं थोडं पाणी, जुना रंगाचा ब्रश आणि फडकी. ब्रश बुडवायचा, झटकायचा, घासायचा; ओल्या फडक्यानं पुसायचं, मग कोरड्यानं. काळ्या थरांखालून चंदेरी धातू डोकावू लागला तसा गुरुबसव वाकून बघू लागला. नंतर विचारायला लागला: हे काय, ते कशाला, इथं गरम का होतं? शैलश्रीला असे प्रश्न आवडायचे. कॉलेजात मुलं परीक्षेला काय येणार एवढंच विचारायची, हा विचारायचा ते उत्तर हवं म्हणून. आणि उत्तर ऐकताना इंजिनाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघायचा, एवढीच खोट.

"इकडं बघा," ती म्हणाली.

"बघायलोय की."

"इंजिनाकडं."

एका जागी दोघांचेही हात थांबले. सगळ्यात जाड थर इंजिनाच्या वरच्या झाकणावर होता, अगदी मधोमध. तिथून ओघळ खाली तापणाऱ्या नळीवर गेले होते. धूर तिथूनच उठत असणार. पण तेल वर चढलंच कसं? तिनं ऑइल भरायच्या तोंडाचं रबर तपासलं. ठीक होतं.

"तेल उड्या मारत न्हाई," ती स्वतःशीच पुटपुटली.

गुरुबसवनं तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि नाकाशी नेलं. त्याचे डोळे बारीक झाले. परत हुंगलं. मग फडकं तिच्यापुढे धरून त्यानं हळूच सांगितलं की हे इंजिनाचं तेल नाही. हे एरंडेल आहे. त्याच्या आजोबांच्या बैलगाडीच्या कण्याला असाच वास यायचा.

शैलश्रीनं हुंगलं. खरंच होतं. पण मोटारीत एरंडेल ओततं कोण?

तिला उत्सुकतेनं जेवण जाईना. दुपारभर बॉनेट उघडं ठेवून त्यांनी सगळं वाळू दिलं, पिशव्या सोडल्या, शेवटी बॅटरीचं टोक जोडलं. गाडी सुरू केली, बराच वेळ चालू ठेवली. एक थेंब नाही, धुराची रेघ नाही.

ऊन उतरल्यावर महादेवप्पा रानातून आले. कपाळाला विभूती लावून, नारळ, लिंबू, कापूर घेऊन गाडीपुढे उभे राहिले. अमावस्या होती, दर अमावस्येला गाडीची पूजा ठरलेली; एरवी त्या वेळी शैलश्री आत स्वयंपाकघरात असायची. चकचकीत इंजिन बघून त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी पितळी वाटी उचलली आणि मोठ्या मायेनं इंजिनावर वाकडी केली.

"अप्पा, थांबा."

वाटी हवेतच राहिली. अप्पांना काही कळेना. गाडी जुंपायच्या आधी कण्याला वंगण द्यायचं, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. बैलगाडी गेली, मोटार आली. वंगण कसं चुकवायचं? शैलश्रीनं सगळं समजावून सांगितलं. ते वाटीकडे बघत राहिले. स्वतःच्या हातानं, मायेनं… शेवटी गुरुबसवकडे वळून म्हणाले, "बाबा, गाडी आता विकायची न्हाई. तुझी खेप वाया गेली."

"वाया न्हाई गेली, अप्पा," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

बस केव्हाच गेली होती. पुढची बस मिळावी म्हणून त्याला औरादपर्यंत सोडायचं ठरलं. शैलश्री चालवायला, तो शेजारी, आणि धुरावर लक्ष ठेवायला मागं अप्पा. वाटभर ते नाक पुढं काढून हुंगत होते, त्यामुळे पुढच्या दोघांना एक शब्द बोलता आला नाही. गियर टाकताना तिचा हात त्याच्या गुडघ्याजवळ यायचा, एवढंच. आता हा उतरेल, मग परत येईल कशाला?

औरादच्या स्टँडवर अप्पा बसची चौकशी करायला उतरले. गुरुबसव काचेतून समोर बघत म्हणाला, "जनवाड्याहून तुमचं कॉलेज जवळ पडतंय."

"हे कारण व्हय?"

"न्हाई…" तो तिच्याकडे वळला. "तुम्ही आवडलाव मला. अंतर नंतर मोजलं."

शैलश्रीनं स्टिअरिंग घट्ट धरलं. "नोकरी सोडणार न्हाई मी."

"सोडा म्हणलं कुणी?"

"आन गाडी मीच चालवणार."

"मला चालवायला येतंय कुठं नीट," सकाळी गाडी चालवत न्यायला आलेला तो म्हणाला, आणि तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पूर्ण बघितलं.

अप्पा आले. बस तासाभरानं होती. त्यांनी एकदा पोरीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. काय म्हणतोय हा, असं त्यांनी विचारलं, तेव्हा शैलश्रीनं मान खाली घालून सांगितलं, "जनवाड्याहून कॉलेज जवळ पडतंय म्हणतोय."

अप्पांनी बॉनेटवर हात टेकून पुन्हा एकदा हुंगलं. मग दार उघडून पुन्हा मागं बसले.

"आज अमावस्या. अशा दिवशी कुणाचं घर बघायला जात न्हाईत," ते म्हणाले. "पण गाडी जनवाड्यापतोर बिनधुराची जाती का, तेवढं बघायला काय होतंय? चल, शैला."